‘विकारविलसित’ आणि सुडाचा प्रश्न

अध्यापकाच्या आयुष्यांत कांहीं ग्रंथ असे असतात, कीं ते शिकवून शिकवून तोंडपाठ होतात, आणि तोंडपाठ झाल्यामुळेंच त्यांचा अर्थ डोळ्यांआड होतो. शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाविषयीं माझी स्थिति कांहींशी अशीच झाली होती. सुमारें पंचवीस वर्षें मी हें नाटक पदवीच्या वर्गास शिकवीत आलों आहें. बापाचा खून चुलत्यानें केला हें कळल्यावरही हा राजपुत्र सूड घेण्याचें लांबणीवर टाकतो. तो असें कां करतो, ह्या प्रश्नाभोंवतीं युरोपांतील टीकाकारांनीं जीं मतें मांडलीं तीं ओळीनें सांगावयाचीं, त्यांतील गुणदोष दाखवावयाचे, आणि परीक्षेस उपयोगी पडेल असा समारोप करावयाचा, हा माझा क्रम. ह्या क्रमांत एका विद्यार्थ्यानें खंड पाडला.

मुलगा आमच्याच बाजूचा, म्हणजे कारंजा तालुक्यांतील धनजच्या जवळचा, शेतकऱ्याच्या घरांतला. तिसऱ्या अंकांतील प्रार्थनेचा प्रवेश चालला होता. खुनी राजा गुडघे टेकून एकटा बसला आहे; हॅम्लेट मागून येतो, तरवार उपसतो, आणि पुन्हां म्यान करतो. “हातीं आलेली संधि त्यानें दवडली,” असें मी नित्याप्रमाणें म्हणालों. तेव्हां तो मुलगा उभा राहून म्हणाला, “पन सर, देवापाशी बसेल मानसाले त्यानं मारलं असतं, तं आपन त्याले चांगलं म्हनलं असतं काय?” वर्ग हंसला. मीही हंसलों, परंतु उत्तर मात्र त्या दिवशीं माझ्यापाशीं नव्हतें. पुढें कळलें कीं, त्याच्या घरीं धुऱ्याच्या भांडणापायीं दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालू होत्या, आणि एकदां तर गोष्ट कुऱ्हाडीवर आली होती. सूड हा शब्द त्यानें केवळ पुस्तकांत वाचलेला नव्हता. प्रस्तुत लेख हें त्याच्या प्रश्नास उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम टीकाकारांकडे वळूं. जर्मन महाकवि गटे यानें आपल्या ‘विल्हेल्म माइस्टर’ ह्या कादंबरींत (१७९५–९६) हॅम्लेटला फुलझाडासाठीं घडविलेल्या नाजुक कुंडीची उपमा दिली. तींत ओकचें रोप लाविलें, मुळें पसरलीं, आणि कुंडी फुटली. कोलरिजच्या मतें ह्या राजपुत्राच्या ठायीं विचारशक्ति इतकी प्रबळ, कीं कृतीस अवसरच उरत नाहीं. ब्रॅड्लेनें १९०४ सालीं त्याच्या विषण्णतेवर बोट ठेवलें; आईच्या उतावळ्या पुनर्विवाहानें त्याचें मन आधींच खचलेलें होतें, असें त्याचें प्रतिपादन. फ्रॉइडचे अनुयायी अर्नेस्ट जोन्स यांनीं १९१० मध्यें त्याहून खोल जाऊन मातेविषयींच्या दडपलेल्या वासनेचें कारण सांगितलें. स्टोल ह्या अमेरिकन पंडितानें ह्या सर्वांस एका वाक्यांत निकालांत काढलें: सूडनाटकांत सूड लांबविणें ही नाटककाराची गरज असते, नायकाचा स्वभाव नव्हे, पहिल्या अंकांतच सूड घेतला तर पुढचे चार अंक कशानें भरावयाचे? आणि एलियटनें १९१९ सालीं तर नाटकच फसलें आहे असा निवाडा दिला. नायकाच्या मनांतील क्षोभ इतका मोठा कीं नाटकांतील घटना त्याला पुरी पडत नाहीं, असा त्याचा आक्षेप.

हीं मतें एकमेकांस छेद देणारीं आहेत. तरीपण स्टोलचा अपवाद वगळतां त्या सर्वांच्या पोटीं एकच गृहीत आहे. तें असें कीं, सूड घेणें ही स्वाभाविक व निरोगी कृति, आणि ती न घेणें हा कांहींतरी विकार. वैद्य जसा नाडी धरून रोग शोधतो, तसे हे टीकाकार हॅम्लेटच्या थांबलेल्या हाताची नाडी धरून बसले आहेत. हात थांबला हाच रोग कशावरून, हें फारच थोड्यांनीं विचारलें. माझ्या विद्यार्थ्यानें तें विचारलें होतें.

आतां ‘विकार’ हा शब्द आलाच आहे, तर ह्या नाटकाच्या पहिल्या थोर मराठी भाषांतराकडे जाणें प्राप्त आहे. ‘विकारविलसित’ ह्या नांवानें तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि भाषांतरकार होते गोपाळ गणेश आगरकर. वऱ्हाडकरांस ह्या गोष्टीचा थोडा अभिमान वाटावा असें कारण आहे. आगरकरांचा जन्म कऱ्हाडाजवळील टेंभू गांवचा. परंतु दारिद्र्यानें गांवोगांव फिरविलेल्या ह्या मुलाचें शालेय शिक्षण पुरें झालें अकोल्यास. तेथूनच १८७५ सालीं ते मॅट्रिक झाले. अकोल्यास त्यांचे गुरु होते विष्णु मोरेश्वर महाजनी, आणि हे महाजनी स्वतः शेक्सपीअरचे भाषांतरकार. ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ व ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ हीं नाटकें त्यांचीं. गुरूचें ‘मोहविलसित’ आणि शिष्याचें ‘विकारविलसित’ हीं नांवें शेजारीं ठेवलीं म्हणजे एका घरचीं वाटतात. धनज आज वाशीम जिल्ह्यांत मोडतें. परंतु १९९८ सालीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत आमचा हा मुलूख अकोला जिल्ह्यांतच होता. तेव्हां हॅम्लेट मराठींत येण्याच्या वाटेवरील एक मुक्काम आमच्या जिल्ह्यांतला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरा मुक्काम मुंबईचा, डोंगरीच्या तुरुंगांतला. कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजीमहाराज यांस वेड लागल्याचें सांगण्यांत येत होतें. तें वेड खरें कीं छळानें लादलेलें, असा संशय महाराष्ट्रांत पसरला, आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांत आला. बर्व्यांनीं फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर संपादकांनीं भिस्त ठेवली होती, तीं बनावट ठरलीं; आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं तुरुंगांत काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनींच पुढें पुस्तकरूपानें लिहिली. ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचें काम ह्याच तुरुंगवासांत त्यांच्या हातीं होतें.

वाचकांनीं क्षणभर ह्या चित्रापुढें थांबावें. बाहेर एक राजा, वेडा म्हणून पहाऱ्यांत ठेवलेला. आंत एक तरुण संपादक, खोट्या पुराव्यावर विश्वास ठेवल्याबद्दल शिक्षा भोगणारा. आणि त्याच्या हातांत कोणता नायक? वेडाचें सोंग घेतलेला राजपुत्र, जो प्रत्यक्ष बापाच्या पिशाच्चानें सांगितलेल्या गोष्टीवरही पुराव्यावांचून विश्वास ठेवीत नाहीं! हें पिशाच्च खरेंच बापाचें, कीं मला पापांत लोटण्यासाठीं सैतानानें घेतलेलें रूप, अशी शंका हॅम्लेट घेतो. म्हणून नटांकडून खुनाचाच देखावा करवितो, चुलत्याचा चेहरा न्याहाळतो, आणि आपल्याबरोबर होरेशिओसही न्याहाळावयास लावतो, कां कीं एका साक्षीदाराच्या डोळ्यांवर निकाल देऊं नये. ह्या योगायोगावरून आगरकरांच्या मनांत काय आलें असेल, याचा तर्क करणें मला प्रशस्त वाटत नाहीं. परंतु पुराव्याची किंमत पदरमोड करून शिकलेल्या मनुष्यानें ह्या नाटकास हात घातला, एवढें तरी खरें. टीकाकार ज्याला दिरंगाई म्हणतात, तिचा पहिला अर्धा भाग म्हणजे केवळ न्यायाधीशाची सावधगिरी आहे, हें कोठडींतल्या त्या वाचकास उमगलें नसेल काय?

आणि त्यानें दिलेलें नांव पहा. नायकाचें नांव त्यानें चंद्रसेन ठेविलें. पण ‘चंद्रसेन’ हें नाटकाचें नांव केलें नाहीं. सुडाचाही उल्लेख नांवांत नाहीं. ‘विकारविलसित’ म्हणजे मनोविकारांचा खेळ. आपल्या भाषेंत विकार ह्या शब्दास दोन अर्थ आहेत. शरीरास जडतो तो रोगही विकार, आणि मनांत उसळणारे काम, क्रोध, लोभ, मत्सर हेही विकारच. ह्या एका शब्दानें आगरकरांनीं नायकाला रोगी व इतरांना निरोगी ठरविणारी भिंतच पाडली. राज्यलोभानें भावाच्या कानांत विष ओतणारा राजा विकारवश, महिन्याभरांत दुसरें लग्न करणारी राणी विकारवश, बापाच्या मृत्यूनें वेडी होणारी कोंवळी मुलगी विकारवश, आणि सुडासाठीं पेटलेला तिचा भाऊही विकारवश. ह्या गर्दींत नायक एकटाच असा, कीं आपल्या विकाराकडे तो दुरून पाहूं शकतो. विवेकाचा झेंडा आयुष्यभर खांद्यावर वाहिलेल्या सुधारकानें निवडलेलें हें नांव मला मराठींतील हॅम्लेटवरची पहिली टीका वाटते, आणि ती अद्याप जुनी झालेली नाहीं.

पुस्तकांतून हें नाटक रंगभूमीवर नेलें शाहूनगरवासी नाटक मंडळीनें. संगीत नाटकांचा सुकाळ असतां ह्या मंडळीनें गद्य नाटकाचा मान राखला. ‘झुंझारराव’, ‘त्राटिका’ हीं शेक्सपीअरवरून घेतलेलीं नाटकें तिनेंच गाजविलीं. तिचे प्रमुख नट गणपतराव जोशी (१८६७–१९२२). त्यांस इंग्रजी विद्येचा लाभ झालेला नव्हता, प्रो. वासुदेवराव केळकरांसारख्या विद्वानांचें मार्गदर्शन आणि स्वतःची विलक्षण ग्रहणशक्ति, एवढ्या भांडवलावर त्यांनीं चंद्रसेन उभा केला. स्त्रीभूमिकांत त्यांस जोड होती बळवंतराव जोगांची. त्यांचा खेळ पाहिलेले लोक आतां कोणी उरले नाहींत. तरी मागच्या पिढ्यांनीं जें लिहून व सांगून ठेविलें, त्यावरून एवढें निश्चित दिसतें कीं, त्या चंद्रसेनाला प्रेक्षकांनीं कधीं दुबळा म्हटलें नाहीं. त्याच्या दुःखानें ते हेलावत, त्याच्या संतापानें दचकत. पंडितांचा ‘विचाराधिक्यानें पंगु झालेला’ हॅम्लेट मराठी रंगभूमीवर आलाच नाहीं. आला तो दुःखाच्या भारानें वांकलेला आणि तरी ताठ राहूं पाहणारा मुलगा.

वाचनांतला हॅम्लेट व रंगभूमीवरचा हॅम्लेट यांत असा फरक कां पडतो, याचें कारण सोपें आहे. वाचक उशीर मोजतो. प्रेक्षक मनुष्य पाहतो. तथापि रंगभूमीही नेहमींच प्रामाणिक राहिली असें नाहीं. प्रार्थनेच्या प्रवेशांतील हॅम्लेटचें भाषण अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज नट पुष्कळदां गाळीत, कारण त्यांतील क्रौर्य प्रेक्षकांस सहन होणार नाहीं अशी त्यांस भीति. गॅरिकनें १७७२ सालीं तर थडगें खणणाऱ्यांचा प्रवेशच काढून टाकला. शेवटीं येणारा नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिन्ब्रास हा तर कापाकापींत नेहमींच बळी पडे; १८९७ सालीं फोर्ब्स-रॉबर्टसन यानें त्याला पुन्हां रंगभूमीवर आणलें, तेव्हां लोकांस तें नवल वाटलें. ऑलिव्हिएच्या १९४८ सालच्या चित्रपटांतूनही तो वगळलेलाच होता, आणि आरंभींच प्रेक्षकांस बजावण्यांत आलें होतें कीं ही एका अनिश्चयी मनुष्याची कथा आहे. नाटकांतून काय काढावयाचें हें ठरलें, कीं नायकाविषयीं काय म्हणावयाचें हेंही ठरतें. आपल्याकडे २०१८ सालीं नाना जोगांच्या मराठी भाषांतराचा प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखालीं झाला व सुमीत राघवन यांनीं हॅम्लेट केला. व्यवसायी रंगभूमीवर इतक्या वर्षांनीं हें नाटक पुन्हां उभें राहिलें, हीच मुळांत समाधानाची गोष्ट.

आतां मूळ प्रश्न. प्रार्थनेस बसलेल्या मनुष्यास मारलें असतें, तर आपण काय म्हटलें असतें? ह्याचें उत्तर शोधण्यास मला इंग्लंडास जावें लागलें नाहीं. धनजच्या घराच्या ओसरीवर जाणें पुरेसें झालें. लहानपणीं चातुर्मासांत तेथें श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ वाचला जाई. सौप्तिकपर्वाची कथा आली म्हणजे बायका पदर डोळ्यांस लावीत, आणि आम्ही मुलें आईला चिकटून बसत असूं. ही कथा म्हणजे आपल्या घरचें सूडनाटक आहे, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें.

बाप कपटानें मारला गेलेला मुलगा, हीच तेथेंही सुरुवात. अश्वत्थामा मेला अशी खोटी हूल उठवून द्रोणास शस्त्र ठेवावयास लाविलें, आणि ध्यानस्थ बसलेल्या त्या वृद्धाचें मस्तक धृष्टद्युम्नानें उडविलें. अश्वत्थाम्याची तक्रार खोटी नव्हती. हॅम्लेटच्या तक्रारीइतकीच ती खरी होती. रात्रीं वडाच्या झाडाखालीं त्याला झोंप येत नाहीं; एक घुबड निजलेल्या कावळ्यांना मारीत असलेलें तो पाहतो, आणि त्याला मार्ग सांपडतो. मामा कृपाचार्य त्याला परोपरीनें सांगतात, कीं निजलेल्यांस मारणें हा धर्म नव्हे. रात्र जाऊं दे, सकाळीं लढूं. तो ऐकत नाहीं. तो उशीर करीत नाहीं. तो शिबिरांत शिरतो.

येथें दोन्ही कथांतील एक साम्य पाहून मी चकित झालों. लाथांच्या प्रहारांनीं मरूं लागलेला धृष्टद्युम्न अश्वत्थाम्यास विनवितो, कीं मला शस्त्रानें मार, म्हणजे मला पुण्यलोक तरी मिळेल. अश्वत्थामा तें नाकारतो. गुरुघात्यांस लोक नाहींत असें म्हणून त्याला पशूसारखें तुडवून मारतो. शत्रूचा केवळ देह घेऊन त्याचें समाधान नाहीं. परलोकही हिरावून घ्यावयाचा. आणि हॅम्लेट तरवार म्यान करतो तेव्हां कोणतें कारण देतो? प्रार्थना करतांना मारला तर हा स्वर्गास जाईल. म्हणून पापांत रमलेला सांपडेल तेव्हां मारीन, म्हणजे तो नरकांत पडेल! जॉन्सनसारख्या कणखर टीकाकारासही हें भाषण वाचवेना. दोन देश, दोन भाषा, दोन धर्म. परंतु सुडाची वासना पुरती वाढली कीं ती एकाच ठिकाणीं पोंचते. तिला शत्रूचा मृत्यु पुरत नाहीं.

म्हणून हॅम्लेटला मी अहिंसेचा उपासक ठरवूं इच्छीत नाहीं. त्याचें तोंड अश्वत्थाम्याचें आहे. परंतु त्याचा हात कृपाचार्यांचा आहे. शब्दांनीं तो नरकाची भाषा बोलतो, आणि हात मात्र गुडघे टेकलेल्या मनुष्यावर उठत नाहीं. तो कारण खोटें सांगतो कीं खरें, यावर पंडितांनीं वाद घालावा. हात उठला नाहीं, एवढें प्रेक्षकाला दिसतें, आणि नाटकांत जें दिसतें तें जें बोललें जातें त्याहून कमी खरें नसतें.

शिवाय माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर शेक्सपीअरनें स्वतः नाटकांतच देऊन ठेविलें आहे. मींच तें इतकीं वर्षें वाचलें नव्हतें. चौथ्या अंकांत राजा लेअर्टिसला विचारतो, कीं बापाचा सूड घेण्यासाठीं तूं काय करशील? तो उत्तर देतो, चर्चमध्यें गांठून त्याचा गळा कापीन. आणि ह्या उत्तराची वाहवा कोण करतो? तोच खुनी राजा! सुडाला कसल्याही मर्यादा असूं नयेत असें तत्त्वज्ञान त्याच्याच तोंडीं घातलेलें आहे. ज्या कृतीच्या अभावीं टीकाकारांनीं हॅम्लेटला दुबळा ठरविलें, ती कृति करण्यास तयार असलेला मनुष्य नाटकांत उभा आहे, आणि तो तत्क्षणींच खुन्याच्या हातांतलें विषारी शस्त्र होतो.

आतां दुसरी गोष्ट. हॅम्लेटच्या दिरंगाईनें सर्वनाश झाला असें सर्रास म्हटलें जातें. घटना तपासून पाहूं. प्रार्थनेच्या प्रवेशानंतर लगेच तो आईच्या महालांत जातो. पडद्यामागें हालचाल होते. कोण आहे हें न पाहतां, क्षणाचाही विचार न करतां, तो पडद्यांतून तरवार खुपसतो. मरतो म्हातारा पोलोनियस. ह्या एका घावापासून पुढची सांखळी मोजा. बापाच्या मृत्यूनें ऑफेलिया वेडी होते व पाण्यांत बुडून मरते. बाप आणि बहीण गेल्यामुळें लेअर्टिस सुडास पेटतो. त्याच्या तरवारीस विष लागतें, राजा पेल्यांत विष घालतो, आणि अखेरच्या प्रवेशांत राणी, लेअर्टिस, राजा व स्वतः हॅम्लेट हे चौघेही पडतात. हा अनर्थ उशिरानें झाला कीं घाईनें? सबंध नाटकांत हॅम्लेटनें विचार न करतां सुडाचा जो एकच घाव घातला, त्यानेंच तो स्वतः दुसऱ्याच्या बापाचा खुनी झाला. सूड घेणारा मुलगा ज्याच्यावर सूड घ्यावयाचा तो मनुष्य बनतो, हेंच ह्या नाटकाचें मर्म. कुरुक्षेत्रावरही तेंच घडलें. पित्याचा कपटानें वध झाला म्हणून रडणाऱ्या अश्वत्थाम्यानें द्रौपदीच्या पांच निजलेल्या मुलांस मारलें. न्याय मागावयास निघालेला मनुष्य शिबिराबाहेर आला तेव्हां मुलांचा मारेकरी होता.

ह्या अर्थावर दोन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहींत. पहिला असा: उशीर केला नसता, प्रार्थनेच्या वेळींच राजास मारलें असतें, तर पोलोनियस वांचला असता व ऑफेलियाही वांचली असती. हिशेब म्हणून हें खरें आहे. परंतु मग हेंही खरें, कीं अश्वत्थाम्यानें केवळ धृष्टद्युम्नास मारलें असतें तर द्रौपदीचीं मुलें वांचलीं असतीं. सूड हिशेबानें थांबला असता, तर त्याला सूड म्हणण्याचें कारणच उरलें नसतें. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. रोझेनक्रॅंट्झ व गिल्डनस्टर्न ह्या दोन बाळमित्रांस हॅम्लेट पत्र बदलून मरणाच्या दारीं पाठवितो, आणि त्यांविषयीं त्याला खंतही वाटत नाहीं. येथें त्याचा बचाव मी करणार नाहीं. १९३० सालीं विल्सन नाइटनें ह्या राजपुत्रास मृत्यूचा दूत म्हटलें, तें सर्वस्वीं अन्यायाचें नव्हतें. तसेंच १९६७ सालीं एलिनॉर प्रॉसर हिनें त्या काळच्या धर्मग्रंथांचा व नाटकांचा धांडोळा घेऊन, सुडाची आज्ञा करणारें तें पिशाच्चच संशयास्पद असल्याचें दाखविलें. म्हणजे माझ्या मताची वाट पूर्वीं कोणी चाललें नाहीं असें नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं हॅम्लेट निर्मळ नाहीं. पण ज्या वेळीं तो थांबतो त्या वेळीं तो आजारी नसतो.

आपल्या संस्कृत नाट्यशास्त्रानें नायकाचा मृत्यु रंगभूमीवर दाखविण्यास मनाई केली, त्यामुळें असलीं नाटकें आपल्याकडे झालीं नाहींत, असें म्हणण्याची रीत आहे. परंतु १९१२ पासून गणपतिशास्त्रींनीं भासाचीं म्हणून जीं नाटकें प्रसिद्ध केलीं, त्यांत ‘ऊरुभंग’ आहे. त्यांत मांडी मोडून पडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. तो मरतांना अश्वत्थामा सुडाची प्रतिज्ञा करतो, आणि ज्याच्यासाठीं सूड घ्यावयाचा तो दुर्योधनच त्याला आवरूं पाहतो. डेन्मार्कचा मृत राजा ‘माझा सूड घे’ म्हणून थडग्यांतून उठून येतो. कुरूंचा मरता राजा ‘आतां पुरे’ म्हणतो. दोन्हीही आवाज ऐकिले जातात, आणि दोन्ही ठिकाणीं मुलें मरतात. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारां’त मात्र भीमाच्या रक्ताळलेल्या हातांनीं द्रौपदीची वेणी घातली जाते आणि नाटक आनंदांत संपतें. आमच्या मनांत ह्या दोन्ही परंपरा नांदतात. सूड पुरा झाल्यावर टाळी वाजविणारेही आम्हीच, आणि सौप्तिकपर्वांत डोळे पुसणारेही आम्हीच.

ह्या दुसऱ्या परंपरेचा धागा अलीकडेही दिसला. विशाल भारद्वाज यांनीं २०१४ सालीं हॅम्लेटची कथा काश्मीरांत नेऊन ‘हैदर’ हा हिंदी चित्रपट केला. मूळ नाटकापेक्षां त्याचा शेवट वेगळा आहे. नायकाच्या पिस्तुलापुढें चुलता जखमी होऊन पडलेला आहे, स्वतः मरण मागत आहे; आणि आईचे शब्द आठवून मुलगा गोळी न घालतां चालता होतो. कित्येकांस हा शेक्सपीअरचा विपर्यास वाटला. मला तर वाटलें, कीं भारतीय दिग्दर्शकानें नाटकाच्या मध्यावर थांबलेला हात शेवटपर्यंत थांबवून दाखविला. भागवतांत अश्वत्थाम्यास बांधून आणतात, तेव्हां द्रौपदीच त्याला सोडावयास सांगते. जशी मी मुलांसाठीं रडतें, तशी ह्याची आई रडूं नये, एवढेंच तिचें कारण. पांच मुलें गमावलेल्या आईनें दिलेलें हें कारण कोणत्याही पंडिताच्या कारणाहून मला मोठें वाटतें.

पुढच्या वर्षीं प्रार्थनेचा प्रवेश आला, तेव्हां मीं “संधि दवडली” हे शब्द उच्चारले नाहींत. आधीं लेअर्टिसचें उत्तर वाचून दाखविलें, मग पडद्यामागचा घाव, मग सौप्तिकपर्व. आणि शेवटीं मुलांसच विचारलें, कीं हॅम्लेट कोठें चुकला? उत्तरें निरनिराळीं आलीं, आणि परीक्षेच्या दृष्टीनें त्यांतील निम्मीं निरुपयोगी होतीं. ज्या मुलानें मूळ प्रश्न विचारला होता, तो तोंवर पदवी घेऊन गांवीं परतला होता. उन्हाळ्यांत धनजला गेलों असतां तो भेटला. त्याच्या शेतीच्या दाव्याविषयीं मीं विचारलें नाहीं. त्यानेंच आपण होऊन सांगितलें, कीं मोजणी आणून धुरा कायम केला, हातभर जमीन पलीकडे गेली, आणि दोन्ही घरांचें एकमेकांकडे जाणेंयेणें सुरू झालें. “हातभर जागा गेली सर,” तो म्हणाला, “पन लेकरं आतां तिकडून बिनधास्त येतात.” आगरकरांनीं नाटकास जें नांव दिलें, त्याचा अर्थ त्या धुऱ्यावर उभें राहून मला जितका कळला, तितका कोणत्याही ग्रंथालयांत कळला नव्हता.